अणुव्रत, महाव्रत आणि ब्रेक

ब्रेक गाडी थांबवतो, असे म्हणण्याची रीत आहे. नेमके बोलायचे तर तो गतीची उष्णता करतो. धावत्या गाडीत साठलेली ऊर्जा नाहीशी करता येत नाही; तिला दुसरी वाट काढून द्यावी लागते. पॅड डिस्कला घासतात, डिस्क तापते, तो ताप वारा घेऊन जातो आणि तेवढ्या मापाने गाडी मंदावते. इंद्रियनिग्रहाची जुनी अडचण अगदी हीच आहे: अडवलेला आवेग जातो कुठे? त्याला चिकटून दुसरा प्रश्न येतो. संसारी माणसाचा संयम म्हणजे संन्याशाच्याच संयमाची लहान मात्रा, की त्याची घडणच निराळी? रोज घाट उतरणाऱ्या गाडीला शर्यतीच्या ट्रॅकवरचे ब्रेक बसवावेत का, या गॅरेजमधल्या प्रश्नाशी हा प्रश्न वाटतो त्याहून जवळचा आहे.

सातारा जिल्ह्यात ब्रेकची परीक्षा दारातच होते. खंबाटकी, पसरणी, केळघर, यवतेश्वर, कोकणात उतरणारे कुंभार्ली आणि आंबेनळी. कुठल्याही दिशेला निघाले तरी उतार चुकत नाही. पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणी घाट घेऊ. उंचीतला फरक सुमारे ५५० मीटर आणि माणसांसह गाडीचे वजन १२०० किलो धरले, तर खाली पोचेपर्यंत साधारण ६५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकावी लागते. तीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबवली, तर पावणेपाच लाख ज्यूलही होत नाहीत. म्हणजे एक घाट उतरणे हे शंभराच्या वेगावरून चौदा वेळा थांबण्याइतके आहे. पुढची चाके ब्रेकचे बहुतेक काम करतात. सत्तर टक्के भार त्यांच्यावर, पुढच्या दोन डिस्क मिळून दहा किलो बीड, आणि वाटेत थंड होण्याची सोय नाही असे मानले, तर डिस्कचे तापमान जवळपास ९०० अंशांनी चढेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. वारा ताप पळवतो, हवेचा आणि टायरचा रोध आपापला वाटा उचलतो आणि शहाणा चालक उरलेले काम इंजिनवर टाकतो. पण आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पाय सतत पेडलवर ठेवून उतरणारा चालक याच आकड्याकडे सरकत असतो.

ट्रॅकवरचा हिशेब वेगळा आहे, आणि फरक केवळ मोठेपणाचा नाही. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा लहान ट्रॅक आहे. पण पूर्ण आकाराच्या मोटारीला खरा ट्रॅक गाठायचा तर सांगली-साताऱ्याच्या हौशी माणसाला कोइम्बतूर, चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई किंवा ग्रेटर नोएडा गाठावे लागते. नोएडाच्या ट्रॅकला बुद्धाचे नाव आहे. मध्यम मार्ग सांगणाऱ्याच्या नावाच्या त्या ट्रॅकवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे धावल्या. तिथल्या लांबलचक सरळ पट्ट्याच्या शेवटी १२०० किलोची एखादी गाडी २०० वरून ८० वर आणायची, तर पंधरा लाखांहून थोडी अधिक ज्यूल ऊर्जा चारेक सेकंदांत डिस्कमध्ये ओतली जाते. हा दर जवळपास ४०० किलोवॅट होतो. पसरणी घाट वीस मिनिटांत उतरताना सरासरी दर साडेपाच किलोवॅटच्या आतबाहेर राहतो. घाटात एकूण उष्णता जास्त, पण ती संथपणे मुरत जाते. ट्रॅकवर ती वीज कोसळल्यासारखी येते, मग थोडी उसंत, मग पुन्हा कोसळते. एकाला सहनशक्ती लागते, दुसऱ्याला झटका पेलण्याची ताकद. दोन्ही गुण एकाच पॅडमध्ये पूर्ण प्रमाणात बसवता आलेले नाहीत.

रस्त्यासाठीचा पॅड तंतू, राळ, थोडा धातू आणि भरताड यांचा बनतो. पहाटेच्या गारठ्यातही पहिल्या दाबाला तो धरतो, आवाज करत नाही, डिस्क फारशी खात नाही. मात्र साधारण साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे त्यातील राळ जळू लागते, वायू सुटतो, पकड ढासळते. पेडल कडक लागते आणि गाडी मात्र थांबत नाही. ट्रॅकच्या पॅडचे उलटे. तो या तापमानात खुशाल काम करतो. पण शेदीडशे अंश, काही पॅड तर त्याहूनही अधिक तापल्याशिवाय पुरते धरत नाहीत. शिवाय ते किंचाळतात, काळी भुकटी उडवतात आणि डिस्क लवकर झिजवतात. डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठलेले असते. त्या वेळी असे पॅड लावून निघालेल्या गाडीला पहिल्याच वळणावर कळते की ‘अधिक चांगला ब्रेक’ ही गोष्ट अर्धवट वाक्य आहे. कशासाठी चांगला, हे त्यात सांगायचे राहून गेलेले असते.

संयमाच्या शास्त्रांत हे अर्धवट वाक्य सर्वांत काटेकोरपणे पूर्ण केले ते जैन आचार्यांनी, आणि सांगली जिल्ह्यात ती गोष्ट पोथीपुरती राहिलेली नाही. कृष्णा-वारणेच्या काठावरचे दिगंबर जैन पिढ्यान् पिढ्या शेती करत आले. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचे मुख्य कार्यालय सांगलीतच आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवी उभारी देणाऱ्या शांतिसागर महाराजांना १९२४ साली आचार्यपद मिळाले ते सांगलीजवळच्या समडोळीत. नांगर धरणारा श्रावक, म्हणजे जैन गृहस्थ, आणि वस्त्रही टाकून दिलेला मुनी यांना एकाच गावात, एकाच धर्माखाली नांदायचे असेल, तर दोघांच्या संयमाचा संबंध नेमका काय, हे सांगावेच लागते.

जैन उत्तर असे आहे. व्रते पाचच: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. मुनी ती सर्वांशाने पाळतो म्हणून ती महाव्रते. श्रावक एकदेश, म्हणजे अंशाने पाळतो म्हणून अणुव्रते. वरवर पाहता हा मात्रेचा भेद दिसतो, पण तपशिलात गेले की तो मात्रेचा राहत नाही. श्रावकाचे ब्रह्मचर्य म्हणजे मुनीच्या ब्रह्मचर्याचे दहा टक्के नव्हे. ते स्वदारसंतोष आहे, आपल्या जोडीदारापुरते समाधान, म्हणजे वेगळाच आकार. त्याचा अपरिग्रह म्हणजे काहीही न बाळगणे नव्हे, तर किती बाळगायचे याची मर्यादा आधी ठरवणे. म्हणूनच त्याला परिग्रहपरिमाण म्हणतात. अहिंसेत तर हिंसेचीच चार प्रकारांत वाटणी केली: संकल्पपूर्वक केलेली, घरकामात होणारी, उद्योगात होणारी आणि बचावासाठी घडणारी. श्रावकाने पहिली पूर्ण सोडायची, उरलेल्या तीन शक्य तितक्या कमी करायच्या. उसाच्या सरीत कुदळ मारणारा शेतकरी या वाटणीशिवाय जैन राहूच शकला नसता.

पतंजलीची भूमिका याहून सरळ आहे. जात, देश, काळ आणि प्रसंग यांच्या सवलतीशिवाय पाळले की यम महाव्रत होतो, असे योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात सांगितले आहे. तिथे भेद व्याप्तीचा: सवलती काढत जा, महाव्रत शिल्लक राहील. ब्रेकच्या दाखल्याने पाहिले तर हे पटणे अवघड जाते. रस्त्याच्या पॅडमधून काहीतरी काढत गेल्याने ट्रॅकचा पॅड होत नाही. त्याचा मसालाच दुसरा असतो.

आणि महाव्रताला ऊब लागते. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतो, पायी फिरतो, केस उपटून काढतो, चातुर्मासाखेरीज एका जागी फार थांबत नाही. अठ्ठावीस मूलगुणांची ही दिनचर्या एखाद्या व्रतापेक्षा वेगळी वाटली, तरी तीच व्रताला कामाच्या तापमानावर ठेवते. त्या दिनचर्येतून एकच व्रत उचलून दुकानदाराच्या दिवसात बसवले, तर ते थंड राहते. जेव्हा लागते नेमके तेव्हा धरत नाही, आणि इतर वेळी आवाज फार करते. कडक व्रताचा आवाज शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू येतो आणि वळणावर मात्र ते हुकते, हा अनुभव कोणत्याही धर्माच्या गावाला नवा नाही.

एकच भाग वाढवण्याचा दुसरा तोटा याहून फसवा आहे. पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क आणि जास्त पिस्टनचे कॅलिपर बसवले, मागचे जुने ड्रम तसेच ठेवले, की पुढे-मागे वाटलेला ब्रेकचा तोल बिघडतो. पुढची चाके लवकर जाम होऊ पाहतात, मागच्या चाकांची उपलब्ध पकड वापरलीच जात नाही आणि हजारो रुपये खर्चून थांबण्याचे अंतर वाढू शकते. कारखान्यातून आलेला तोल अनेक चाचण्यांनंतर ठरलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसारही निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. व्रतांतला असा बिघाड सांगलीच्या बाजारपेठेत समजावून सांगावा लागत नाही. कडकडीत उपवास करायचा आणि काटा मारायचा, हा तो बिघाड. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अस्तेयव्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रतात शिरणारे दोष, दिले आहेत, त्यांत कमी-अधिक वजनमापे ठेवणे आणि मालात भेसळ करणे हे दोन स्पष्टपणे येतात. आहारावरचा ब्रेक मोठा झाला म्हणून वजनकाट्यावरचा ब्रेक आपोआप सुधारत नाही.

म्हणून सुधारणेला क्रम लागतो. ब्रेकच्या बाबतीत पहिले पाऊल ब्रेकमध्ये नसतेच. ते टायरमध्ये असते. गाडी अखेर थांबते ती रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या चार रबरी तुकड्यांवर. कारखान्याचेच ब्रेक चाक जाम करू शकत असतील, म्हणजे एबीएस चालू होण्याइतकी ताकद त्यांच्यात असेल, तर मोठी डिस्क लावून एका थांबण्याचे अंतर कमी होत नाही. टायरची पकड संपलेली असते. मोठ्या डिस्कने मिळते ते पुन्हापुन्हा थांबण्याचे बळ. टायरनंतर ब्रेक ऑइल, मग पॅड, मग स्टीलची जाळी गुंडाळलेल्या नळ्या, आणि हे सगळे करूनही ताप आवरत नसेल तरच डिस्क व कॅलिपर. मोठ्या डिस्कला मोठे चाक लागते, वजन वाढते, खर्च तर वाढतोच. बाजारात विक्री मात्र उलट्या क्रमाने होते: जाळीदार चाकातून दिसणारा लाल कॅलिपर आधी, न दिसणारे तेल शेवटी.

श्रावकाच्या अकरा प्रतिमा हा असाच एक चढता क्रम आहे. पहिली दर्शनप्रतिमा: योग्य दृष्टी. व्रतप्रतिमा तिच्यानंतर येते. दृष्टी नसेल तर व्रत कशाला धरणार, हा त्यामागचा विचार. टायर आधी, डिस्क नंतर, याच जातीचा. मग सामायिक, प्रोषध, सचित्तत्याग अशा पायऱ्या येतात. सातवी ब्रह्मचर्याची. शेतीभाती, व्यापारउदीम सोडण्याची आरंभत्यागप्रतिमा आठवी, म्हणजे बरीच पुढे. नांगर आधी टाक आणि मग धर्माला लाग, असे कोणी सांगत नाही. दहावी अनुमतित्यागाची: घरच्या व्यवहारात संमतीही द्यायची नाही. ज्याने घर चालवले त्याला मुलांनी काढलेल्या कर्जाविषयी गप्प बसणे उपवासापेक्षा जड जाते, हे ही यादी करणाऱ्यांनी नीट ओळखले होते. अकराव्या प्रतिमेवर क्षुल्लक आणि ऐलक असतात, आणि पुढे मुनी. शांतिसागर महाराजही क्षुल्लक, ऐलक, मुनी अशाच पायऱ्यांनी गेले. मुनिदीक्षा १९२० मधली, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकत आले होते. प्रत्येक पायरीवर खालची पायरी तशीच टिकवायची असते. कॅलिपर बदलला म्हणून टायर गुळगुळीत झालेले चालत नाहीत.

मात्र रस्त्यावरच्या गाडीने ट्रॅकवर कधीच जाऊ नये, असे यातून निघत नाही. हौशी चालक ट्रॅकवर जाण्याआधी पॅड बदलतो, ताजे तेल भरतो, दिवसभर गाडी पळवतो आणि परतताना जुने पॅड चढवून घरी येतो. जैन आचारात याची जागा शिक्षाव्रतांना आहे. नावाप्रमाणेच ती शिकण्यासाठी आहेत. सामायिकात श्रावक किमान दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, सर्व सावद्य, म्हणजे सदोष, व्यवहार सोडून समभावात बसतो. समंतभद्राच्या रत्नकरंड श्रावकाचारात सामायिकातल्या गृहस्थाला चक्क मुनीची उपमा दिली आहे: अंगावर कोणीतरी वस्त्र टाकलेला मुनी. अष्टमी-चतुर्दशीचा प्रोषधोपवास हा याचाच मोठा प्रकार. गृहस्थाला महाव्रताची चव या मार्गाने मिळते, पण ठरल्या वेळेपुरती. आणि वेळ संपली की तो पुन्हा अणुव्रतांवर येतो, कमीपणा न मानता. दोन्ही संयम वेगळ्या घडणीचे आहेत, तरी एकाच माणसाला दोन्ही घेता येतात ते असे, वेळ वाटून. सर्वांत वाईट तो मधला मार्ग, ज्यात ट्रॅकचे पॅड कायमचे रस्त्यावर राहतात.

नवा पॅड लावल्यावर तो मुरवावा लागतो, हेही इथेच सांगितले पाहिजे. मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक दाबायचा, मग गाडी थंड होईपर्यंत चालवत ठेवायची. त्यातून पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि पकड एकसारखी होते. हे न करता पहिल्याच दिवशी करकचून ब्रेक मारले, तर पॅडमधल्या कच्च्या राळेचा वायू मध्ये येतो. पहिला उपवास पंधरा दिवसांचा करू नये, हे कुठल्याही घरातल्या आजीला ठाऊक असते.

जोराने आवरणे आणि खरोखर थांबणे यांतला फरक जाम झालेल्या चाकात उघडा पडतो. चाक पूर्ण थांबते, गाडी मात्र सरकत राहते. वर सुकाणूही ऐकत नाही, कारण फिरणारे चाकच वळू शकते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करत बसणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. ते चित्र अगदी असेच आहे: जे दिसते ते थांबलेले, जे वाहते ते तसेच वाहत. दुसऱ्या अध्यायात तर आहार तोडला तरी गोडी मागे उरते, असे निदान आहे. यावर यंत्राने काढलेला उपाय मोठा विचार करण्याजोगा आहे. एबीएस चाक जाम होऊ लागताच दाब सोडते, पुन्हा धरते, सेकंदाला कित्येक वेळा. भारतात नव्या मोटारींना ही व्यवस्था २०१९ पासून सक्तीची आहे. धरण्याइतकेच सोडणेही तिच्या कामाचा भाग आहे. सहाव्या अध्यायातला योगी फार खाणारा नसतो आणि अजिबात न खाणाराही नसतो; ती शिकवण सौम्य म्हणून सांगितली जाते, पण कोरड्या हिशेबानेही पकड जास्तीत जास्त मिळते ती चाक जाम होण्याच्या किंचित अलीकडे, जाम झाल्यावर नव्हे.

ब्रेकचा आणि भाराचा संबंध सरळ आहे: वजन दुप्पट, तर टाकायची ऊर्जाही दुप्पट. उसाच्या हंगामात सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत जाताना दिसतात. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सगळा भार ट्रॅक्टरच्या चाकांनी आवरायचा. बैलगाडीत हेच काम बैलांच्या मानेवर येते. उतारावर गाडी मागून रेटते आणि जू मानेत रुतते. कासरा ओढून बैल थांबतो, मागचा ऊस थांबत नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बांधणे, मारणे, अवयव कापणे आणि अन्नपाणी तोडणे यांच्याबरोबर ‘अतिभारारोपण’ हा एक स्वतंत्र दोष सांगितला आहे: जनावरावर त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे. भाराची मर्यादा ठरवणे हे इथे संयमाचेच अंग मानले आहे, आणि ते ब्रेकच्या आधी येते. परिग्रहपरिमाणाचे मर्म हेच. ज्याने गाडीत कमी भरले त्याला कमी आवरावे लागते. मोठे ब्रेक बसवण्यापेक्षा डिकीतले सामान काढणे स्वस्त पडते, ही गोष्ट कोणतेही दुकान सांगणार नाही.

उतारावरच्या शहाणपणाचा मोठा भाग तर ब्रेकच्या बाहेरच आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा चालकांचा जुना दंडक आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढते आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. याच्या उलट म्हणजे डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे. इंजिन बंद केले तर अवजड वाहनाच्या एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो, आणि प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा कमी होत जाते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर साताऱ्याच्या बाजूने आलेल्या एका अवजड वाहनामुळे चाळीसहून अधिक गाड्यांचे नुकसान झाले. पहिली बातमी ‘ब्रेक फेल’ अशी होती. तपासणीनंतर पोलिसांनी सांगितले की चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते. ‘ब्रेक फेल’ हा शब्द बहुतेक वेळा शेवटच्या क्षणाला दिलेले नाव असतो. नापास झालेला निर्णय त्याच्या कितीतरी वर, घाटमाथ्यावर घेतलेला असतो. सज्जनगडावर राहिलेल्या रामदासांच्या शिकवणीत सावधपणाला एवढे महत्त्व का, हे असा उतार पाहिल्यावर अधिक समजते. मंगलाष्टकांतला ‘सावधान’ ऐकून ते बोहल्यावरून निघून गेले अशी कथा आहे; ती कथा शब्दशः घ्यावी न घ्यावी, गिअर माथ्यावरच बदलायचा असतो एवढे तिच्यात आहे.

सल्लेखना, म्हणजे आहार क्रमाने सोडत देह ठेवण्याचे जैन व्रत. तिच्यावरच्या वादातही करकचून मारलेला ब्रेक आणि आधीच उतरवलेला गिअर यांतला हा भेद कामाला येतो. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी तिला आत्महत्येच्या पंगतीला बसवले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. नैतिक आणि कायदेशीर बाजू इथे सोडून दिल्या तरी ग्रंथांतली कृती पाहण्यासारखी आहे. आधी घन आहार कमी, मग द्रवपदार्थ, मग नुसते पाणी, शेवटी तेही नाही. भगवती आराधनेत ही उतरंड कमाल बारा वर्षांपर्यंत लांबवली आहे. ती करकचून ब्रेक मारण्याची कृती नाही. गिअर एकेक करून खाली आणण्याची आहे. शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीला याच मार्गाने देह ठेवला.

आता हा दाखला जिथे तुटतो ती जागा. गाडीत ब्रेकचा ताप म्हणजे वाया गेलेली ऊर्जा. तो जितक्या लवकर निघून जाईल तितके बरे. ‘तप’ या शब्दातच ताप आहे, पण तिथे ताप वाया जात नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायानुसार तपाने नव्या कर्माचा ओघ थांबतो आणि शिवाय जुने कर्म झडूनही जाते. संवर आणि निर्जरा दोन्ही एकाच आचेवर. डिस्क तापल्याने गाडीचा मागचा प्रवास पुसला जात नाही. योगपरंपरेतली ओजाची कल्पना वेगळी, तिच्यात अडवलेली शक्ती वर चढून उपयोगी पडते. तिला यांत्रिक जोडीदार अलीकडेच मिळाला: विजेवरच्या गाडीत ॲक्सिलरेटरचे पेडल सोडले की मोटरच जनित्र होते आणि उताराची ऊर्जा बॅटरीत परतते. पण पाचगणीला मुक्कामी शंभर टक्के चार्ज केलेली गाडी सकाळी घाट उतरू लागली, तर बॅटरीत जागाच नसते. मग ही व्यवस्था हात आखडता घेते आणि सगळे काम पुन्हा साध्या पॅडवर येते. भरलेल्या भांड्यात संयमाची कमाई साठत नाही, असे ओजवाद्यांनी म्हटल्याचे ऐकिवात नाही. म्हणायला हरकत नव्हती.

राहता राहिले ब्रेक ऑइल, ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. नेहमीचे डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे प्रकार हवेतली ओल शोषतात. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. साधारण पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली आलेला चालतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. घाटाच्या मध्यावर कॅलिपर तापला की मुरलेल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबता येत नाही, वाफ दाबली जाते. पेडल तळाला जाते आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. गाडी थंड झाल्यावर पेडल पुन्हा नीट लागते, त्यामुळे मेकॅनिकला दोष सापडत नाही. यात चालकाची चूक असावी लागत नाही. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात नुसती उभी असलेली गाडीही पाणी पीत असते.

जैन दिनचर्येत प्रतिक्रमण, म्हणजे दोषांची नियमित उजळणी, आहे ते याच कारणासाठी. अतिचार म्हणजे व्रतभंग नव्हे. व्रत शाबूत असताना त्यात शिरलेली ओल. म्हणून दोष झाला असे वाटो न वाटो, प्रतिक्रमण दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे, पंधरवड्याचे, चातुर्मासाचे आणि वर्षाचे वेगळे. ब्रेक ऑइलचा नियमही किलोमीटरवर अवलंबून नाही. दर दोन वर्षांनी ते पूर्ण काढायचे, नवीन भरायचे, साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून नळ्यांतली हवा काढायची, आणि सीलबंद डबा एकदा उघडला की उरलेले तेल पुढच्या खेपेसाठी ठेवायचे नाही.